सर्टिफिकेट तपासायचं की नाही, हे तुमच्या वतीनं कोण ठरवतं?

एखादा प्रोग्रामर पायथन या भाषेत तीन ओळी लिहितो. एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार कोड, बोलावतो, तिला एचटीटीपीएसनं सुरू होणारा पत्ता देतो आणि आलेलं उत्तर छापतो. समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे तो खरंच तोच आहे हे सांगणारं डिजिटल ओळखपत्र, तपासावं की तपासू नये, याबद्दल त्यानं एक अक्षरही लिहिलेलं नसतं. तरीही तो निर्णय झालेला असतो. ज्यानं ती लायब्ररी लिहिली त्यानं तो कधीतरी घेऊन ठेवलेला असतो आणि त्या तीन ओळी जिथे जिथे चालतील तिथे तिथे तो लागू होतो.

पायथनसोबतच येणाऱ्या एचटीटीपी लायब्रऱ्यांमध्ये डिसेंबर २०१४ पर्यंत, म्हणजे २.७.९ ही आवृत्ती येईपर्यंत, हा निर्णय 'तपासू नये' असा होता. ब्राउझरमध्ये तोच पत्ता उघडला असता आणि सर्टिफिकेट खोटं निघालं असतं, तर पानभर इशारा आला असता. पायथनचा प्रोग्राम मात्र कुणाशीही निमूटपणे बोलायला लागायचा. पत्त्यात एचटीटीपीएस होतं, एन्क्रिप्शन होत होतं, त्यामुळे लिहिणाऱ्याला वाटायचं की सगळं सुरक्षित आहे.

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. एन्क्रिप्शन आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्र पाकिटात घालून, चिकटवून, वर लाखेची मोहोर लावून ते समोर उभ्या असलेल्या पहिल्या माणसाच्या हातात दिलं, तर मोहोरेचा उपयोग काय? तो माणूस पाकीट फोडेल, वाचेल, नव्या पाकिटात घालून पुढे पाठवेल. नेटवर्कवर हे काम वायफायचा राउटर ताब्यात असलेला कुणीही करू शकतो. तो तुमच्या प्रोग्रामला स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट दाखवतो, खऱ्या सर्व्हरशी वेगळं कनेक्शन उघडतो आणि मधे बसून दोन्हीकडचं वाचतो. पासवर्ड, टोकन, डाउनलोड होणारी फाइल, सगळं त्याच्या हातातून जातं. हवं तर तो फाइल बदलूनही देतो. या माणसाला अडवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे सर्टिफिकेटची तपासणी.

तपासायचं म्हणजे नेमकं काय?

'तपासणी चालू' असं आपण म्हणतो, पण ती एक गोष्ट नाही. सर्टिफिकेटवर सही कुणाची, त्या सहीवाल्याच्या सर्टिफिकेटवर सही कुणाची, असं करत करत साखळी विश्वासू संस्थांच्या आपल्या यादीतल्या एखाद्या रूट, म्हणजे मूळ, सर्टिफिकेटपर्यंत पोचते का, हा पहिला प्रश्न. सर्टिफिकेटवरचं नाव आणि आपण ज्या पत्त्यावर निघालो होतो तो पत्ता एकच आहे का, हा दुसरा. मुदत संपलेली नाही ना, हा तिसरा. आणि दिल्यानंतर ते रद्द झालंय का, हा चौथा. डिफॉल्ट, म्हणजे वापरणाऱ्यानं काही न सांगितल्यास लागू होणारी वागणूक, निवडायचं म्हणजे या प्रत्येकाबद्दल वेगळं ठरवायचं.

नावाच्या तपासणीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष झालं, आणि घातही त्या दुर्लक्षानंच जास्त केला. साखळी तपासली पण नाव तपासलं नाही, तर काय उरतं? हल्लेखोर स्वतःच्या मालकीचं एक डोमेन घेतो आणि त्याचं अगदी खरं, रीतसर सर्टिफिकेट मिळवतो. सर्टिफिकेट मिळवणं आता काही मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे. तेच सर्टिफिकेट तो तुमच्या बँकेच्या सर्व्हरच्या जागी पुढे करतो. सही खरी, साखळी पूर्ण, मुदत शिल्लक. फक्त नाव दुसऱ्याचं, आणि तेवढंच कुणी बघत नाही. जगातलं बरंचसं सॉफ्टवेअर ज्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवर उभं आहे, त्यात नाव जुळवून पाहण्याची तयार सोय जानेवारी २०१५ मध्ये, १.०.२ या आवृत्तीत आली. तोवर ज्यानं त्यानं ती आपापल्या बुद्धीनं लिहायची, किंवा लिहायचीच नाही, असा कारभार होता.

यातली एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. नेटवर्कवरून माहिती आणणाऱ्या कर्ल या साधनाच्या लायब्ररीत नाव तपासण्यासाठी 'व्हेरिफायहोस्ट' नावाचा पर्याय आहे. त्याच्या किमती तीन होत्या. शून्य म्हणजे तपासू नको. दोन म्हणजे नाव नीट जुळवून बघ. आणि एक म्हणजे सर्टिफिकेटवर काहीतरी नाव आहे एवढंच बघ, ते कुणाचं आहे याच्याशी कर्तव्य नाही. डिफॉल्ट किंमत दोन होती, म्हणजे ज्यानं या पर्यायाला हातच लावला नाही तो सुरक्षित होता. पण पीएचपी या भाषेत काळजीनं काम करणारा प्रोग्रामर विचार करायचा की तपासणी चालू असल्याची खात्री असलेली बरी, आणि लिहायचा 'ट्रू', म्हणजे 'हो'. पीएचपीत ट्रूचा आकडा होतो एक. झालं, नावाची तपासणी बंद! काळजी घेणाऱ्याचंच संरक्षण गेलं, आणि प्रोग्राम तर पहिल्यासारखाच चालत राहिला.

२०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठ, ऑस्टिन आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ब्राउझर सोडून इतर सॉफ्टवेअरमधली सर्टिफिकेट तपासणी उलगडून पाहिली, तेव्हा पैशांचे व्यवहार करणाऱ्या नामांकित लायब्रऱ्यांमध्ये ही आणि अशाच जातीची भोकं सापडली. त्याच वर्षी कर्लनं ७.२८.१ मध्ये 'एक' ही किंमत दिल्यास चूक दाखवायला आणि आधीची किंमत तशीच ठेवायला सुरुवात केली. पुढे ७.६६.० पासून तर एक आणि दोन यांचा अर्थ सारखाच करून टाकला. दोष वापरणाऱ्यावर ढकलून मोकळं होणं सोपं होतं, कारण कागदपत्रांत तिन्ही किमतींचा अर्थ लिहिलेलाच होता. पण हजारो माणसं एकाच ठिकाणी एकाच पद्धतीनं पडत असतील, तर खड्डा बुजवायला हवा. कर्लनं तो बुजवला, याचं मला मनापासून कौतुक आहे.

मग इतकी वर्षं बंद का होतं?

आळशीपणामुळे, असं म्हणणं अन्यायाचं होईल. तपासायचं तर विश्वासू रूट सर्टिफिकेटांची यादी लागते, आणि लायब्ररी लिहिणाऱ्याकडे ती नसायची. ओपनएसएसएल स्वतःची यादी देत नाही. विंडोजची यादी एकीकडे, मॅकची दुसरीकडे, लिनक्सच्या प्रत्येक वितरणात फाइलची जागा निराळी. यादी सापडली नाही तर प्रत्येक कनेक्शन पडणार. शिवाय तेव्हा सर्टिफिकेट विकत घ्यावं लागायचं, त्यामुळे अंतर्गत सर्व्हर, चाचणीची यंत्रं, छोटे प्रकल्प यांवर स्वतःच सही केलेली सर्टिफिकेटं सर्रास असायची. अशा जगात तपासणी चालू करणं म्हणजे अर्ध्या वापरकर्त्यांचं काम बंद पाडणं, अशी भीती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती.

तरीही काहींनी ते लवकर केलं. कर्लनं २००२ मध्ये, ७.१० या आवृत्तीत. फाइली डाउनलोड करणाऱ्या डब्ल्यूगेटनं २००५ मध्ये. पीएचपीच्या स्ट्रीम्समध्ये, म्हणजे नेटवर्कशी बोलण्याच्या तिच्या अंगभूत सोयीत, ते ५.६ सोबत २०१४ मध्ये आलं, आणि त्याच वर्षी पायथनमध्ये. २०१५ च्या अखेरीस फुकट सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था सर्वांसाठी खुली झाली आणि सर्टिफिकेट महाग पडतं ही सबब संपली.

पायथनचा बदल धाडसी होता, कारण तो २.७ च्या चालू मालिकेतल्या एका किरकोळ वाटणाऱ्या आवृत्तीत केला गेला. अशा आवृत्तीत वागणूक बदलू नये, असा संकेत असतो. पण ही वागणूक म्हणजे सुरक्षेतलं भोकच आहे, म्हणून ती दुरुस्ती समजावी, असं ठरलं. लिनक्स वितरणांची पंचाईत झाली. ज्यांच्या सर्व्हरवर जुने प्रोग्राम वर्षानुवर्षं चालू आहेत, त्यांना एका अपडेटनं सगळं बंद पडलेलं चालणार नव्हतं. त्यांच्यासाठी मग वेगळा प्रस्ताव आला. त्यात जुनी वागणूक काही काळ चालू ठेवण्याच्या सोयी होत्या, पण त्या व्यवस्थापकानं जाणूनबुजून वापरायच्या होत्या.

आता मला जो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. तपासणी चालू केली की जे मोडतं ते मोठ्यानं मोडतं. त्याच दिवशी कळतं, कुणीतरी चिडून बग रिपोर्ट टाकतो, शंभर जण त्याखाली 'मलाही' म्हणतात. तपासणी बंद असेल तर जे मोडतं त्याचा आवाजच येत नाही. ज्याचा पासवर्ड वाटेत वाचला गेला त्याला ते कधी कळतच नाही, तो तक्रार कुठून करणार? म्हणजे मेंटेनरच्या, लायब्ररी सांभाळणाऱ्याच्या, पुढ्यात येणारी प्रत्येक तक्रार एकाच बाजूची असते. तक्रारी मोजून डिफॉल्ट ठरवलं तर ते कायम 'बंद' असंच निघेल. म्हणून इथे आलेल्या पत्रांच्या गठ्ठ्याविरुद्ध निर्णय घ्यावा लागतो. हे फार एकाकी काम आहे, आणि ओपन सोर्समध्ये ते बरेचदा एखादा माणूस बिनपगारी करत असतो.

शिवाय 'ज्याला सुरक्षा हवी तो चालू करेल' हे म्हणणंच टिकत नाही. ज्याला धोका माहीत आहे तो चालू करेल. ज्याला माहीत नाही त्याला तर डिफॉल्टची सगळ्यात जास्त गरज आहे. उलट तपासणी बंद करण्याची गरज ज्याला खरोखर आहे, त्याला ती आहे हे पक्कं ठाऊक असतं. त्यानं एक जादा ओळ लिहिली तर बिघडत नाही.

मधला रस्ता

'जमलं तर एन्क्रिप्ट कर, नाहीतर राहू दे' असंही एक डिफॉल्ट असतं. पोस्टग्रेस डेटाबेसच्या क्लायंट लायब्ररीत 'एसएसएलमोड'ची डिफॉल्ट किंमत 'प्रिफर' आहे. सर्व्हरनं एन्क्रिप्शन देऊ केलं तर घ्यायचं, नाही दिलं तर उघड्यावर बोलायचं, आणि सर्टिफिकेटची खातरजमा करायची नाही. पोस्टग्रेसचीच कागदपत्रं सांगतात की सुरक्षेच्या दृष्टीनं याला काही अर्थ नाही, जुन्या गोष्टी मोडू नयेत म्हणून ते ठेवलंय. इतका प्रामाणिकपणा क्वचित दिसतो. पण कागदपत्रं न वाचणाऱ्यापर्यंत तो पोचत नाही, आणि डिफॉल्टवर राहणारा माणूस बहुधा तोच असतो.

ईमेलच्या सर्व्हरांमध्येही हीच पद्धत आहे, आणि तिथे मात्र मी तिच्या बाजूनं आहे. एक मेल सर्व्हर दुसऱ्या अनोळखी सर्व्हरकडे पत्र पोचवतो तेव्हा समोरचा एन्क्रिप्शन जाणतो की नाही, हेही आधी माहीत नसतं. तपासणीचा हट्ट धरला तर पत्रच जाणार नाही, किंवा सगळे पुन्हा उघड्या मजकुराकडे वळतील. न तपासलेलं एन्क्रिप्शन नुसतं ऐकत बसणाऱ्याला तरी अडवतं. मधे घुसणाऱ्याला अडवत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. आपलं सर्टिफिकेट तपासलंच जावं असं ज्या डोमेनला वाटतं, त्याला तसं जाहीर करता यावं म्हणून डेन आणि एमटीए-एसटीएस अशा व्यवस्था नंतर आल्या.

फरक वचनाचा आहे. मेल पाठवणाऱ्याला वाटेतल्या एन्क्रिप्शनबद्दल कुणी शब्द दिलेला नसतो. पण वापरणाऱ्यानं पत्त्यात एचटीटीपीएस लिहिलं, तर त्यानं सुरक्षित कनेक्शन मागितलंय आणि लायब्ररीनं ते कबूल केलंय. तिथे गुपचूप कमी देणं ही फसवणूक होते.

किती कडक?

साखळी, नाव आणि मुदत या तिन्ही तपासण्या डिफॉल्टनं चालूच हव्यात, यात आता वाद उरलेला नाही. त्यापुढचा कडकपणा किती, यावर मात्र खरे मतभेद आहेत.

रद्द झालेल्या सर्टिफिकेटांचं घ्या. प्रत्येक कनेक्शनच्या वेळी सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला विचारायचं, की हे अजून चालू आहे ना? ऐकायला उत्तम. पण उत्तरच आलं नाही तर? कनेक्शन तोडलं, तर त्या संस्थेचा सर्व्हर बंद पडताच निम्मं जग बंद. सोडून दिलं, तर मधे बसलेला हल्लेखोर तो प्रश्नच अडवून ठेवेल. शिवाय कोण कुठल्या साइटवर जातं, हे त्या संस्थेला आयतं कळतं. त्यामुळे बहुतेक लायब्रऱ्यांनी ही तपासणी डिफॉल्टनं बंदच ठेवली आहे आणि मला ते पटतं. लेट्स एन्क्रिप्टनं तर २०२५ मध्ये अशा प्रश्नांना उत्तरं देणारी आपली सेवा बंद केली. उपाय दुसऱ्या बाजूनं येतोय. सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्यानं कमी करून २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणायचं ठरलं आहे. मुदतच इतकी आखूड असेल, तर चोरीला गेलेलं सर्टिफिकेट फार काळ कामाला येत नाही.

कडकपणा वाढवायचा कसा, याचा चांगला नमुना गो भाषेनं घालून दिला. पूर्वी सर्व्हरचं नाव सर्टिफिकेटमधल्या 'कॉमन नेम' या रकान्यात लिहीत. ती पद्धत सोडा, असं २००० सालच्या मानकातच सांगितलेलं होतं. तरी लोक लिहीत राहिले आणि प्रोग्राम मानत राहिले. गोनं १.१५ मध्ये, २०२० साली, तो रकाना पाहणं डिफॉल्टनं थांबवलं, पण एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामच्या बाहेरून लावता येणारं सेटिंग, दिलं. ते लावलं की जुनी वागणूक परत. मग वर्षभरानं १.१७ मध्ये तेही काढून टाकलं. आधी मोडू द्या, मोडलेल्याला सावरायला वेळ द्या, मग दार बंद करा.

पायथन ३.१३ नं ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. सर्टिफिकेटची रचना मानकाला धरून आहे का, हेही डिफॉल्टनं कडकपणे तपासायला सुरुवात केली. मोठ्या संस्थांनी दिलेल्या सर्टिफिकेटांना याचा त्रास नव्हता. त्रास झाला तो कार्यालयांत स्वतःच चालवलेल्या सर्टिफिकेट व्यवस्थांना. वर्षानुवर्षं चाललेलं सर्टिफिकेट एकदम नाकारलं जाऊ लागलं, कारण त्यात कुठलंसं एक्स्टेन्शन नव्हतं. इथे फायदा नावाच्या तपासणीइतका थेट नाही. पण तेवढीच एक कडक तपासणी काढून बाकी सगळं चालू ठेवता येतं, आणि ती काढायला एक ओळ पुरते, म्हणून हा बदल मला रास्त वाटतो. दुर्दैवानं अशा वेळी इंटरनेटवर शोधल्यावर जो उपाय आधी सापडतो, तो सगळीच तपासणी बंद करण्याचा असतो.

पळवाट कशी असावी

तपासणी बंद करण्याची सोय असायलाच हवी. प्रयोगशाळेतलं यंत्र, जुनं उपकरण, आत्ताच उभा केलेला चाचणी सर्व्हर, या खऱ्या गरजा आहेत. पण त्या सोयीचं नाव असं हवं, की परीक्षणाच्या वेळी दुसऱ्या माणसाची नजर त्यावर अडावी. गोमध्ये ते 'इनसिक्युअर स्किप व्हेरिफाय' आहे, कर्लमध्ये 'इनसिक्युअर', रस्ट भाषेच्या एका लोकप्रिय लायब्ररीत तर त्या फंक्शनचं नाव 'डेंजर'नंच सुरू होतं. पायथनच्या रिक्वेस्ट्स या लायब्ररीतलं 'व्हेरिफाय इक्वल्स फॉल्स' त्या मानानं फारच सौम्य दिसतं. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शून्य केलं की त्या अख्ख्या प्रोसेसमधली तपासणी बंद होते, एकाच कनेक्शनसाठी ती बंद हवी असली तरी. नोड इशारा छापतो, पण लॉगच्या गर्दीत तो कोण वाचतं?

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे, अरुंद दार रुंद दारापेक्षा सोपं हवं. तपासणी बंद करणाऱ्या बहुतेकांना ती बंद करायची नसतेच. त्यांच्या कार्यालयाचं स्वतःचं रूट सर्टिफिकेट असतं. ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीत असतं, ब्राउझर ते मानतो, पण पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी मोझिलाच्या यादीवरून केलेली आपली वेगळी यादी घेऊन चालते आणि तिला ते ठाऊक नसतं. मग 'अनेबल टू गेट लोकल इश्यूअर सर्टिफिकेट' असा गूढ संदेश येतो. त्या माणसाला हवं असतं एकच, की हे एक रूटही मान. म्हणून कुठली यादी डिफॉल्ट, हा प्रश्नही तपासणीच्या डिफॉल्टचाच भाग आहे. पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपनं २४.२ या आवृत्तीपासून, नव्या पायथनवर, ऑपरेटिंग सिस्टिमची यादी डिफॉल्टनं वापरायला सुरुवात केली. तपासणी बंद करण्याचं एक मोठं कारण त्यामुळे नाहीसं झालं.

चूक दाखवणारा संदेशही तितकाच मोलाचा. कर्ल पूर्वी तपासणी फसली की संदेशाच्या शेवटी सांगायचं, तपासणी बंद करायची असेल तर 'मायनस के' हा पर्याय वापरा. घाईतला माणूस अर्थातच शेवटची ओळ वाचून तेच करायचा. आता तो सल्ला त्या संदेशात नाही. परिस्थिती समजून घेण्यासाठी आणि ती दुरुस्त करण्यासाठी कुठे वाचायचं, ते सांगितलेलं असतं.

आणि 'सर्टिफिकेट स्वतःच सही केलेलं आहे, मग तपासणार कशाच्या आधारावर?' या जुन्या सबबीवर मारियाडीबी या डेटाबेसनं ११.४ मध्ये फार सुंदर तोड काढली. क्लायंट आता सर्टिफिकेट डिफॉल्टनं तपासतो. सर्व्हरला कुणी सर्टिफिकेट दिलं नसेल तर तो स्वतःच एक बनवतो. लॉगिन होताना सर्व्हर वापरकर्त्याचा पासवर्ड आणि ते सर्टिफिकेट या दोन्हींवरून काढलेला एक हॅश, म्हणजे गणिती ठसा, पाठवतो, क्लायंट आपल्या बाजूनं तसाच काढून जुळवून बघतो. मधे बसलेल्यानं आपलं सर्टिफिकेट पुढे केलं असेल, तर त्याला पासवर्ड ठाऊक नसल्यामुळे हा हॅश बनवता येत नाही आणि कनेक्शन तुटतं. बाहेरच्या संस्थेची सही नाही, फाइल कुठे ठेवायची नाही, सेटिंग करायचं नाही. पासवर्ड नसलेल्या खात्यांना मात्र हे संरक्षण मिळत नाही. त्यांच्यासाठी अजूनही सर्टिफिकेट नीट बसवावं लागतं.